बोडीतली दहा घरं

चौऱ्याऐंशीच्या होळीनंतर घरकुलाच्या साहेबाने आमच्या गावची बोडी, म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं लहान तळं, पाहिली आणि तिथे गरिबांसाठी दहा घरं आखली. धानाला पाणी सोडून बोडी कोरडीठाक पडली होती, तिच्यात बकऱ्या चरत होत्या.

मी जातीचा ढिवर, जन्म याच बोडीत मासे धरण्यात गेला. म्हटलं, "साहेब, हे बोडीचं पोट हाये. इथं घर कायले बांधता?"

साहेबाने नकाशा माझ्या नाकासमोर नाचवला. "पडीक जमीन लिहिलंय. तुला जास्त कळतं का?"

मी अडाणी, घरी जाऊन जाळं विणायला लागलो. मृगाच्या आत छपरं चढली. चार नंबरचं घर सत्यभामाबाईला मिळालं. तिने दाराला कुलूप लावलं आणि म्हणाली, "उन्हाळ्यात येईन राह्यले."

भाद्रपदात साहेब तपासणीला आला, तेव्हा खिडक्यांपर्यंत पाणी होतं. त्याला मीच डोंग्यात बसवून फिरवलं. मेल्याने पँट गुडघ्यापर्यंत वर धरली होती.

"राहायला कोण आलंय?"

"मरळ आली, साहेब. चार नंबरात झिंग्यांचं बिऱ्हाड हाये."

"थट्टा करतोस?"

मी चार नंबरच्या खिडकीतून माझं जाळं ओढलं. एक मरळ उडून थेट त्याच्या फाईलवर पडली. त्याने ती झटकली, फाईल पुसली आणि छापील कागद भरू लागला. छप्पर, आहे. दार, आहे. पुढच्या रकान्यात पाण्याची सोय विचारली होती. तिथे पेन थांबलं. साहेबाने चारी बाजूंना पाहिलं आणि सुंदर अक्षरात लिहिलं : घरोघरी.