आधी कोण?

माझा नवरा केंद्रात आहे आणि मी राज्यात. मंत्रीबिंत्री नाही, दोघंही रस्त्यांचे इंजिनिअर. घरासमोरचा महामार्ग त्याचा, त्याच्या अलीकडचा, घरालगतचा जोडरस्ता माझा. दोन्हींच्या पलीकडे सासूबाईंचं शिवणकामाचं दुकान. महामार्ग रुंद झाला आणि तो ओलांडायची त्यांची छाती होईना. दोन महिने दुकानाला कुलूप होतं, गिऱ्हाइकं दुसरीकडे वळत होती. तीस वर्षं रोज दुकानात जाणारी बाई खिडकीत बसून गाड्या मोजायची. मला ते बघवत नव्हतं.

उपाय साधा होता: पायी जाणाऱ्यांसाठी पांढरे पट्टे. पण त्याला दोन्ही सरकारांची ना हरकत हवी. मी नवऱ्याच्या कार्यालयाला लिहिलं, 'आपली ना हरकत मिळताच आमची देण्यात येईल.' उत्तर आलं, 'प्रथम आपली पाठवावी.' टपालाने आलं, खाली त्याचीच सही. सकाळी याच माणसाने मला चहा करून दिला होता आणि चकार शब्द काढला नव्हता.

"राज्याने आधी सही केली की पायंडाच पडतो," मी जेवताना म्हणाले.

"आणि मी आधी केली तर साहेब माझी सालटी काढतील," तो म्हणाला.

सासूबाईंनी चष्मा लावून दोन्ही पत्रं वाचली. "तुझी हरकत आहे?"

"नाही गं आई."

"हिची?"

"मुळीच नाही," मी म्हणाले.

"मग घोडं कुठं पेंड खातंय?"

"आधी कोण, एवढ्यावरच," मी कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला फायली घरी आणायला लावल्या आणि घरच्या शिलाई मशीनपाशी बसवलं. "वरचा दोरा आणि खालचा दोरा, दोन्ही एकदम ओढले जातात तेव्हा टाका पडतो. मी तीन म्हटलं की सह्या करा."

तीन म्हणून झालं. दोन्ही पेनं अधांतरी. मी त्याच्याकडे बघतेय, तो माझ्याकडे. सासूबाईंनी त्याच्या हातावर मोजपट्टी मारली. "केंद्र असशील तुझ्या कचेरीत. कर सही." मग माझ्याकडे वळल्या. मी मुकाट्याने केली.

आठवड्यात पट्टे आले. त्याची माणसं तिकडून रंगवत आली, माझी इकडून. मध्यावर पट्टे चार बोटं चुकले.

गाड्या थांबल्या. सासूबाई निघाल्या आणि नेमक्या मधोमध थबकल्या. त्यांनी वाकून पट्टे निरखले.

"जोड तिरका आलाय गं," त्या तिथूनच ओरडल्या आणि पलीकडे गेल्या.

शटर वर गेल्याचा आवाज इथवर आला. माझे डोळे भरून आले. केंद्राचेही भरले होते.