बारा फोनांतलं भजन

महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ भजन स्पर्धा होती. बदलापूरच्या महिला मंडळाच्या रखमाबाईंनी पिशवी उघडली आणि त्यांचं तोंडच उतरलं. आत नुसते उपवासाच्या खिचडीचे डबे. भजनाच्या वह्यांची पिशवी घरीच राहिली होती.

"माझ्या फोनमध्ये आहेत सगळी भजनं," त्यांची सून नेत्रा म्हणाली. तिनेच भजनांचं ॲप बनवलं होतं आणि महिनाभर सासूचे टोमणे खाल्ले होते, की फोनमध्ये बघून कुणी भजन म्हणतं का!

"एवढ्या गर्दीत नेट कुठे चालतंय?" एक बाई कुरकुरली.

"नेट हवंय कुणाला?" नेत्राने ते ॲप ब्लूटूथवरून थेट शेजारी बसलेल्या बाईच्या फोनवर पाठवलं. तिने पुढचीला दिलं, आणि एकीने दुसरीला हळदीकुंकू लावावं तसं ते दहा मिनिटांत मंडळातल्या बाराही जणींच्या फोनांत पोचलं.

मंडळ असं काही गायलं की पहिला नंबर त्यांचाच! लगेच बाकीच्या मंडळांच्या बायका फोन पुढे करत नेत्राभोवती गोळा झाल्या. बक्षिसाची ढाल काखेत मारून रखमाबाई मध्ये उभ्या राहिल्या.

"रांगेत या गं! माझी सून एकटी आहे, किती जणींना पुरणार?"