कारणाचा रकाना

चारचौघं एकत्र काम करतात तिथे एखादी अशी बाई असतेच, जिच्यामुळे माणुसकी वेळेवर पोहोचते. चष्म्याच्या काचा घासणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ती बाई म्हणजे यादीबाई. काम त्यांचं तपासणीचं. घासून आलेली काच दिव्यासमोर धरायची, ओरखडा दिसला की बाजूला काढायची. पण सगळे त्यांना ओळखत ते यादीमुळे. कुणाच्या घरी अडचण आली की सहकाऱ्यांनी पाळीपाळीने संध्याकाळच्या जेवणाचा डबा पोहोचवायचा, ही पद्धत त्यांनीच सुरू केली होती. हजेरीच्या घड्याळाशेजारी कागद लावलेला असे आणि त्यावर पट्टीने आखलेले चार रकाने: घर, माणसं किती, कारण, डबा कोण देणार.

कारणाचा रकाना चांगल्या हेतूनेच आला होता. ऑपरेशन झालं असेल तर तिखट कमी घालावं, घरात तान्हं बाळ असेल तर सोबत दूध न्यावं, एवढाच त्याचा उपयोग. साहेबांचा पाय मोडला तेव्हा तर पहिल्याच संध्याकाळी अकरा घरांतून सूप गेलं! साहेबांच्या बायकोने शेजारच्या दोन इमारतींत वाटलं, तरी पातेलंभर उरलंच.

एका सोमवारी सकाळी यादीबाईंना कागदावर पेन्सिलीने लिहिलेली नवी ओळ दिसली. घर: पॅकिंगताई. माणसं: तीन. कारणाच्या जागी काहीच नाही.

कारण साऱ्या कारखान्याला ठाऊक होतं. पॅकिंगताईंचा बावीस वर्षांचा मुलगा नशेपायी दुकान फोडताना पकडला गेला होता. आठ दिवसांपासून तो कोठडीत होता. नवरा केव्हाच गेलेला. घरात ताई, शाळेत जाणारी मुलगी आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. ताई सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात उभ्या राहत आणि दुपारी सुट्टीआधी येऊन काचा खोक्यांत भरत. जेवणाच्या सुट्टीत त्या रचलेल्या खोक्यांच्या आडोशाला जाऊन बसत. कुणी त्यांच्याशी वाईट वागत नव्हतं, पण बोलतही नव्हतं. त्या नोकरी सोडणार आणि सासूला, मुलीला घेऊन हे गावच सोडणार, असं ऐकू येत होतं.

यादीबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, खिशातून खोडरबर काढला आणि ती ओळ पुसून टाकली.

"माझं अक्षर एवढं वाईट आहे का हो बाई?"

मागे चहाचा ट्रे घेऊन चहावाले मामा उभे होते.

यादीबाई ओशाळल्या, पण हरल्या नाहीत. "मामा, कारण काय लिहू तिथे? चोरी?"

"नका लिहू. कोरं राहू दे."

"असं कसं? उद्या लोक म्हणतील, पोरं बिघडवा आणि वर आयते डबे खा. इतक्या वर्षांची यादी बदनाम होईल."

मामांनी ट्रे टेबलावर ठेवला. "पोराला डबा द्या असं मी कुठे म्हटलं? तो सरकारी जेवण जेवतोय. उपाशी आहेत त्या घरातल्या तिघी. त्यांनी कुणाचं दुकान फोडलं, सांगा बरं मला."

"मामा, तुम्ही आपलं चहाचं बघा!"

"चहाचंच बघतोय," मामा शांतपणे म्हणाले. "आठ दिवस झाले, ताई दोन कप चहावर दिवस काढतात. साखर जास्त टाका म्हणतात. मला नाही कळणार तर कुणाला कळणार?"

संध्याकाळी घरी गेल्यावर यादीबाईंनी सगळी हकिकत नवऱ्याला तावातावाने सांगितली. ते घरीच पंखे, रेडिओ दुरुस्त करत आणि संध्याकाळी भाजी चिरून ठेवत. "म्हणजे मीच काय ती वाईट!" असं त्या तिसऱ्यांदा म्हणाल्या, तेव्हा त्यांनी सुरी खाली ठेवली.

"माझ्या वेळी कारणाच्या रकान्यात काय लिहिलं होतंस गं?"

"जिन्यावरून पडून हात मोडला. खरं तेच लिहिलं होतं."

"खरं होतं. जिना कुठला होता, ते लिहिलं नाहीस."

जिना बारचा होता. तेव्हा ते रोज पीत. आता तीन वर्षं झाली, त्यांनी थेंबाला हात लावला नव्हता, आणि त्या दोघांनी तो विषय घरातही पुन्हा काढला नव्हता.

"कुणाला कळलं नाही ना पण," त्या हळूच म्हणाल्या.

"एकीला कळलं होतं. पॅकिंगताई बाजारातून परत येत होत्या. जिन्याखाली त्यांनीच मला पाहिलं. शर्ट बरबटलेला, तोंडाला वास. गाडी बोलावून त्यांनी मला दवाखान्यात नेलं. तू पोहोचायच्या आत मला म्हणाल्या, 'डॉक्टरांना खरं सांगा. बाकी कुणाला सांगायची गरज नाही.' आणि दुसऱ्या दिवसापासून, पाळी नसली तरी, सतरा दिवस डबा आणला. मला तुला सांगायची लाज वाटली, म्हणून आजवर बोललो नाही."

त्यांनी वरच्या फळीवरून एक स्टीलचा डबा काढला. झाकणाला पोचा आलेला. "हा त्यांचाच. द्यायचा राहूनच गेला."

तो डबा हातात घेताच यादीबाईंना रडू कोसळलं.

"अहो, मी तिचं नाव पुसलं हो! जिने तीन वर्षं आपली अब्रू झाकली, तिचं नाव मी खोडरबराने पुसलं!"

"रडायचं नंतर बघू," ते हळुवारपणे म्हणाले. "आधी भात टाक."

तासाभरात भात झाला, मटार-बटाट्याची भाजी झाली, सासूबाईंसाठी पातळ सूप झालं. दोघं पॅकिंगताईंच्या दारात उभे राहिले. मुलीने दार वीतभरच उघडलं. डबा पाहून तिला काही उलगडेना.

"काकू, तुमचं काहीतरी चुकलंय. आमच्याकडे कुणी आजारी नाही."

यादीबाईंनी डबा पुढे केला. एवढ्याशा मुलीलाही माहीत होतं, डबा कुठल्या घरी जातो आणि कुठल्या घरी जात नाही!

"जेवायला आजारी कशाला पडायला हवं, बाळा? भूक लागली की पुरे."

तेवढ्यात पॅकिंगताई बाहेर आल्या. आठ दिवसांत त्यांचे डोळे खोल गेले होते. त्यांनी यादीबाईंच्या नवऱ्याकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हात कसा आहे आता?"

"झकास. भाजी याच हाताने चिरलीय."

मग त्यांची नजर झाकणाच्या पोच्यावर गेली. "अगंबाई, हा तर माझा डबा!" त्या हसल्या, आणि हसता हसताच पदर डोळ्यांना लावून भिंतीला टेकल्या. आत टेबलावर घडी घातलेला कागद होता. यादीबाईंचं लक्ष गेलेलं पाहून त्या म्हणाल्या, "राजीनामा आहे. उद्या देणार."

"ताई, द्यायचा तर खुशाल द्या. पण तो उपाशीपोटी लिहिलाय. आज जेवून उद्या पुन्हा वाचा." यादीबाई म्हणाल्या. "आणि मला माफ करा. कशाबद्दल, ते उद्या सगळ्यांसमोर सांगते."

दोघं बसले नाहीत. भरल्या डब्यासमोर पाहुण्यांशी बोलत बसायची वेळ त्या घरावर आणायची नव्हती.

मंगळवारी घड्याळाशेजारी नवा कागद लागला. घर: पॅकिंगताई. माणसं: तीन. तिसरा रकाना आता तिखटाचा होता: जास्त की कमी.

"कारण कुठंय?" पॉलिशवाले दादा मोठ्याने म्हणाले. "आम्ही चोराच्या घरी डबे न्यायचे का?"

यंत्रं अजून सुरू व्हायची होती. राजीनामा घेऊन त्या दिवशी सकाळीच आलेल्या पॅकिंगताई खोक्यांपाशी मान खाली घालून उभ्या होत्या. यादीबाई पुढे झाल्या.

"दादा, तीन वर्षांपूर्वी तुम्ही माझ्या घरी चार डबे आणलेत. कारण मी लिहिलं होतं, नवरा जिन्यावरून पडला. तो बारच्या जिन्यावरून पडला होता, पिऊन. हे ताईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी कारण विचारलं नाही, कुणाला सांगितलंही नाही. सतरा दिवस आम्हाला जेवू घातलं. आणि काल मी त्यांचं नाव यादीतून पुसलं!"

मामा म्हणाले, "चहा गार होतोय मंडळी. पेन हवंय का कुणाला?"

दुपारपर्यंत पुढचे पंधरा दिवस भरले. जेवणाच्या सुट्टीत यादीबाई आपला डबा घेऊन खोक्यांच्या आडोशाला जाऊन बसल्या. मागोमाग आणखी दोघीजणी आल्या, जागा पुरेना, तेव्हा ताईंनीच खोकी बाजूला सरकवली. राजीनामा त्या दिवशी पिशवीतच राहिला, आणि त्यानंतरही.

मित्रहो, आपण दुःखातही प्रतवारी करतो. चारचौघांत सांगता येण्याजोगं दुःख असलं की पातेली भरभरून नेतो, आणि मान खाली घालायला लावणारं असलं की आपलंच दार लावून घेतो. पण लाज शिरली त्या घरात घास उतरत नाही, आणि तिथली माणसं मागायलाही येत नाहीत. तेव्हा अडचणीतल्या घरी जाताना कारण विचारू नका. माणसं किती, एवढंच विचारा.

शुक्रवारी संध्याकाळी यादीबाई कागद पाहायला गेल्या, तर तळाशी एक नवी ओळ होती. अक्षर पॉलिशवाल्या दादांचं. घर: माझं. माणसं: चार. तिखट: कमी.

यादीबाईंनी दादांकडे पाहिलं. ते उगाचच यंत्र पुसत होते. यादीबाईंनी कारण विचारलं नाही. शेवटच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि पेन पॅकिंगताईंच्या हातात दिलं, कारण दुसऱ्या दिवशीचा डबा ताईंना स्वतः न्यायचा होता.