साखरेचा कप

मी एक जुनी चहाची किटली आहे. ॲल्युमिनियमची, दोन कानांची, एका वेळी वीस कप पोटात घेणारी. माझ्या डाव्या कुशीत तळहाताएवढा पोचा आहे. मित्रांनो, तो पाहून मला भंगारात काढायची घाई करू नका. हा पोचा मला एका माणसाने रागाच्या भरात दिला, आणि सोळा वर्षांनी त्याच माणसाला त्याचा जाब द्यावा लागला. तेवढे सांगून झाले की मग मला काय म्हणायचे ते म्हणा.

बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात पत्रा ठोकून मला घडवले आणि ब्रॅकनशॉ नावाच्या गिरणीगावात पाठवले. तिथल्या फुटबॉल क्लबच्या ड्रेसिंग रूममध्ये मी लागले ती कायमची. चहा करायचे काम एडनाचे. तीच खेळाडूंचे चिखलाचे कपडे धुवायची, तीच त्यांना दटावायची. दुखापती पाहायचा तो म्हातारा आर्नल्ड. त्याच्याकडे एक बादली आणि एक स्पंज, बस. नाक फुटो नाहीतर मांडी भरून येवो, थंड पाण्याचा स्पंज हेच औषध.

मध्यंतराला दहा मिनिटे मिळत. खेळाडू आत येत, बाकावर कोसळत आणि माझ्यातला कडक चहा पीत. सगळ्यांना बिनसाखरेचा. साखर फक्त त्याच्याच कपात पडायची ज्याला जबर लागले आहे. मार बसलेल्या माणसाला गोड चहा द्यावा, ही आमच्याकडची जुनी समजूत. आर्नल्डने तिचा कायदाच करून टाकला होता. ज्याच्यापुढे साखरेचा कप आला, तो पुन्हा मैदानात जायचा नाही. काही बोलायचे नाही, वाद घालायचा नाही. कपात चमचा वाजला की सगळ्यांच्या माना खाली जात. आपल्यापुढे तो कप येऊ नये म्हणून मोडक्या बोटांनी धावलेले लोक मी पाहिले आहेत.

क्लिफ हॉवर्थ आमच्या मधल्या फळीत खेळायचा. अंगाने काटकुळा, पण चेंडूवर असा तुटून पडायचा की समोरचा चेंडू सोडून आधी पाय वाचवायचा. पंचांशी भांडण, प्रतिस्पर्ध्याशी भांडण, कोणीच नसले तर गोलच्या खांबाशी. गावाचा मात्र जीव की प्राण. गिरणीत दिवसभर मान खाली घालून काम करणाऱ्यांना शनिवारी कोणीतरी मान वर करून भांडताना पाहायला आवडायचे, असे मला वाटते.

१९७४ सालचा जानेवारी. चषकाचा सामना होता आणि समोर पहिल्या श्रेणीचा बडा संघ. आमच्यासारख्यांच्या दारात असले पाहुणे जन्मात एकदा येतात. मध्यंतराला गोल शून्य-शून्य होते. क्लिफला दोघांनी धरून आत आणले. त्याचा डावा गुडघा एव्हाना फुगून दुप्पट झाला होता. आर्नल्डने हात लावून पाहिले, स्पंज बादलीत टाकला, उठला आणि मुकाट्याने साखरेचा डबा उघडला.

"आर्नल्ड, तो चमचा खाली ठेव," क्लिफ म्हणाला.

"पोरा, आत काहीतरी फाटलंय. जन्माचं लंगडं व्हायचंय का तुला?"

"बाहेर माझं गाव उभं आहे. मला लंगडं व्हायचंय."

आर्नल्डने कप पुढे केला. क्लिफने कपाला हातही लावला नाही. त्याने माझा कान धरला आणि मला भिंतीवर भिरकावले. उकळता चहा फरशीभर झाला, मी कोपऱ्यात जाऊन पडले आणि कुशीत हा पोचा आला. मला खूप लागले, पण त्या वेळी किटलीकडे बघायला कोणाला सवड होती? क्लबच्या डॉक्टरांनी दुखणे बधिर करणारी सुई टोचली आणि क्लिफ बाहेर गेला. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला त्यानेच चेंडू हिसकावून पुढे दिला, त्यावर गोल झाला आणि आम्ही जिंकलो. लोकांनी त्याला खांद्यावरून नेले. त्या दिवसापासून माझा पोचा म्हणजे गावाचे भूषण झाला. पाहुणे यायचे, त्यात बोट घालून बघायचे.

पुढे दोन हंगामांत क्लिफचा गुडघा कायमचा आखडला आणि खेळणे संपले. वय एकोणतीस. मग तो प्रशिक्षक झाला. दोन गावांतून नारळ मिळाला आणि अखेर आमचा व्यवस्थापक होऊन घरी परतला. स्वभाव जिथल्या तिथे. मध्यंतराला तो ओरडायला लागला की बशा थरथरत. खेळाडू त्याला 'बॉस' म्हणायचे आणि त्याच्या डोळ्याला डोळा द्यायचे नाहीत. आर्नल्ड तोवर निवृत्त झाला होता, आणि चार वर्षांत क्लिफने एकदाही साखरेचा डबा उघडला नाही. दुखतंय म्हणणाऱ्याला तो फक्त माझ्या पोच्याकडे बोट दाखवायचा.

पण एक गोष्ट मला आणि एडनाला माहीत होती. दर शनिवारी खेळाडू यायच्या आधी क्लिफ आत येऊन दार लावून घ्यायचा आणि बाकावर डावा पाय लांब करून बसायचा. तो पाय गुडघ्यात वाकत नसे, त्यामुळे हात बुटापर्यंत पोचत नसे. एडना खाली बसून त्याच्या बुटाची लेस बांधायची.

"बाळा, बिनलेसचे बूट घे की," ती म्हणायची.

"ते म्हातारे घालतात."

"मग म्हाताऱ्या बाईला कशाला वाकवतोस?"

तो हसायचा नाही. लेस घट्ट झाली की उठून दार उघडायचा.

आता तो दिवस सांगते. १९९० सालचा मे महिना, हंगामाचा शेवटचा सामना. आम्ही तळाला होतो. हरलो तर साठ वर्षांनी लीगमधून बाहेर, बरोबरी झाली तरी वाचलो. क्लिफची नोकरीही त्यावरच टांगलेली होती. आमचा कप्तान होता ग्लेन टॅटर्सल, पंचवीस वर्षांचा, मधल्या फळीतलाच. क्लिफच्याच तालमीत तयार झालेला, तसाच तुटून पडणारा. तो मैदानात असला की आमचे बाकीचे दहाजण दुप्पट व्हायचे. तो नसला की अर्धे.

मध्यंतर झाले. शून्य-शून्य. ग्लेन भिंतीला धरून आत आला. त्याने मोजा खाली केला आणि मला जुनी ओळख पटली. तोच डावा गुडघा, तसाच फुगलेला.

"डॉक्टर, सुई द्या," ग्लेन म्हणाला. "पंचेचाळीस मिनिटांचा तर प्रश्न आहे."

डॉक्टरांनी क्लिफकडे पाहिले. "दुखणं थांबेल. आत जे फाटतंय ते थांबणार नाही. बॉस म्हणतील तसं."

तेवढ्यात दार ढकलून अध्यक्ष लॉमॅक्स आत आले. चार खाटीकखान्यांचा मालक, तांबडाबुंद चेहरा. "क्लिफ, टॅटर्सल जातोय ना बाहेर? तो नसेल तर आपण मेलो."

"दार लावा, लॉमॅक्स," क्लिफ म्हणाला. "बाहेरून."

दार लागले. सहा मिनिटे उरली होती. क्लिफ टेबलाशी आला. त्याने फळीवरून साखरेचा डबा काढला. चार वर्षांत ती साखर आवळून दगड झाली होती. चमचा आत जाईना, तेव्हा त्याने चमचा उलटा धरला आणि दांड्याने ती फोडू लागला. टक, टक, टक. एकेक बोलणे थांबत गेले. शेवटी खोलीत तेवढाच आवाज राहिला. मित्रांनो, माझ्या पोटात उकळता चहा होता, तरी मी गार पडले.

"बॉस, तो कप माझ्यापुढे ठेवू नका," ग्लेन म्हणाला.

"ठेवला."

"तुम्ही कुठे घेतला होता? मी नऊ वर्षांचा होतो. बापाच्या खांद्यावर बसून तो सामना पाहिलाय मी. तुम्ही किटली भिंतीवर मारलीत आणि जिंकून आलात. अख्ख्या गावाला पाठ आहे."

असे म्हणून त्याने माझा कान धरला. पुन्हा तीच भिंत माझ्यासमोर आली. मी उचललीही गेले. पण क्लिफने दोन्ही हातांनी माझे पोट पकडले. मी तापलेली होते. त्याच्या तळव्यांची कातडी चरचरली ती मला कळली. त्याने सोडले नाही.

"तुला अर्धीच गोष्ट पाठ आहे," तो दातओठ आवळून म्हणाला. "खाली ठेव हिला. हिने एकदा सोसलंय."

ग्लेनने मला खाली ठेवले. क्लिफ त्याच्यासमोर बाकावर बसला, डावा पाय लांब केला आणि काठीसारख्या धरलेल्या छत्रीच्या टोकाने स्वतःच्या बुटाची लेस ओढून सोडली.

"एडना, माझी लेस बांध."

एडनाच्या हातातला कप तसाच राहिला. "आत्ता? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोरच."

ती पायपुसण्यावर खाली बसली आणि तिने गाठ मारली. अकरा खेळाडू बघत होते. ज्याच्या डोळ्याला ते डोळा द्यायचे नाहीत, तो माणूस लहान मुलासारखा पाय पुढे करून बसला होता. त्याचे कान लाल झाले होते.

"चौदा वर्षं मी स्वतःचा बूट बांधलेला नाही," क्लिफ म्हणाला. "पोरगा लहान होता तेव्हा त्याच्याबरोबर जमिनीवर बसता आलं नाही. आम्ही जिंकलो हे खरं. पुढच्या फेरीत चार गोल खाऊन हरलो, ते कोणी सांगत नाही. पी तो चहा."

"आपण खाली जाऊ, बॉस. तुमची नोकरी जाईल."

"जाईल. पी."

पंचांची घंटा वाजली. ग्लेनने कप उचलला. त्याने तो घोटाघोटाने संपवला. बाकीचे उठले आणि बुटांचा खडखडाट करत बाहेर गेले. ग्लेनच्या जागी जो गेला तो बचावातला राखीव खेळाडू होता, जेमतेम चार सामने खेळलेला.

पुढची पंचेचाळीस मिनिटे मी, एडना आणि ग्लेन त्या खोलीत होतो. आमच्या डोक्यावरच प्रेक्षकांच्या लाकडी पायऱ्या. पाय आपटले की छतातून धूळ माझ्या झाकणावर पडायची. गोल कोणाचा ते मला आवाजावरून कळते. पंधरा मिनिटे गेली, तीस गेली. एकदा वर सगळे एकदम 'हं' करून गप्प झाले आणि एडनाने टेबल धरले, पण चेंडू खांबाला लागला असावा. ग्लेन भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पुटपुटत होता, "अजून सात. अजून सहा."

तीन उरलेली असताना दूरच्या एका कोपऱ्यातून आरोळी आली. बारीक, थोड्या लोकांची. आमच्या गावाचा आवाज मी ओळखते. तो आमचा नव्हता.

"मी असतो तर अडवला असता," ग्लेन म्हणाला आणि टॉवेलमध्ये तोंड घालून रडला.

"असतास," एडना म्हणाली. "आणि मग?"

आम्ही लीगमधून बाहेर गेलो आणि सोमवारी क्लिफला काढले. मंगळवारी कोणीतरी त्याच्या फाटकावर रंगाने शिवी लिहिली. माझ्या पोच्यात बोट घालून कौतुक करणारेच म्हणू लागले, म्हातारा मऊ पडला. त्याला पुन्हा कोणी संघ दिला नाही. तो पावाच्या गाडीवर बसून दुकानोदुकानी पाव पोचवू लागला, आणि तो भेटला की लोक रस्ता बदलायचे. ग्लेनच्या गुडघ्यावर वेळेत शस्त्रक्रिया झाली. तो आणखी नऊ हंगाम खेळला.

माझीही दशा तीच. चहाचे यंत्र आले. एडना निवृत्त झाली आणि काही वर्षांनी गेली. मला बॉयलरच्या खोलीत टाकले आणि माझ्यात खिळे भरले. पोटात चहाऐवजी खिळ्यांचा गंज घेऊन मी कितीतरी वर्षे काढली. त्यात दुःख होते आणि रागही होता, खोटे कशाला सांगू?

२००७ साली ग्लेन आमचा व्यवस्थापक झाला. पहिल्याच आठवड्यात त्याने मला शोधून काढले, खिळे ओतून टाकले आणि राखेने स्वतः घासले. एका मुलाने विचारले, "बॉस, हा पोचा ठोकून काढू का?" ग्लेन म्हणाला, "हात लावून तर बघ."

त्या शनिवारी खेळाडू कपडे बदलत असताना दार उघडले. क्लिफ उभा होता. साठ वर्षांचा, हातात काठी. ग्लेनने तीनदा निरोप धाडल्यावर आला होता. सतरा वर्षांनी त्याने त्या खोलीत पाऊल टाकले, आणि त्याची डावी लेस सुटलेली होती.

ग्लेन पुढे झाला आणि त्याच्यासमोर दोन्ही गुडघे टेकून बसला. सहज बसला, कशाचाही आधार न घेता. डावा गुडघा उजव्याइतकाच वाकला. क्लिफ लेसकडे बघतच नव्हता. तो त्या गुडघ्याकडे बघत होता.

"घट्ट बांध," तो म्हणाला. "एडना घट्ट बांधायची."

"हो, बॉस."

ग्लेन उठला. त्याने माझ्यातून एक कप भरला, त्यात दोन चमचे साखर घातली आणि ढवळून क्लिफपुढे ठेवला. क्लिफने कपाकडे पाहिले, मग समोरच्या भिंतीकडे आणि मग माझ्याकडे. तेहतीस वर्षे उशीर झाला होता. तो बाकावर बसला आणि त्याने तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

मित्रांनो, मी आता फळीवर असते. मला पुसत जा, माझ्यात खिळे भरू नका, एवढे मागणे आहे. माझा पोचाही असू द्या. मात्र कोणी मायेने तुमच्यापुढे साखरेचा कप ठेवला, तर किटलीकडे हात नेऊ नका. बसा आणि प्या. बाहेर गाव ओरडत असले तरी.