टेकलेले हात

या, जवळ सरका. एका लेकीच्या भीतीची गोष्ट सांगायची आहे.

एक परिचारिका होती. तान्ह्या बाळांना सलाईनची सुई लावायचं काम तिचं. देवानं जणू बोटांतच डोळे दिलेले. नुसत्या स्पर्शानं शीर सापडायची. एका सकाळी सायकलवरून उतरून तिनं हातमोजे चढवले, तर करंगळी आणि शेजारचं बोट बधिर, जणू परक्याची!

तिला वडील आठवले. त्यांचं असंच सुरू झालं होतं. आधी करंगळी, मग हातातून चमचा, मग पेला. "हात दाखवून अवलक्षण कशाला?" म्हणत ते खाटेला खिळेपर्यंत डॉक्टरकडे फिरकलेच नाहीत.

तिनंही तोंड शिवलं. रोज सकाळी बोटं अधिकच मुकी. उद्या तर्जनीची पाळी आली तर? बाळाची शीर चुकली तर? रात्री कूस बदलत ती हातच चाचपत राही.

अखेर वहिनीसमोर कप फुटला. वहिनी एके काळची सायकलच्या शर्यतीतली.

"वन्सं, परवा चमचा, आज कप. उद्या नवरा निसटेल!"

ती हसली नाही, रडलीच. सगळं सांगितलं.

"हे सायकलवरून उतरल्यावरच होतं ना? बसा बघू सायकलवर." वहिनीनं पुढचं चाक गुडघ्यांत धरलं, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई! वन्सं, तुम्ही तर हात टेकलेत!"

"म्हणजे... आता उपाय नाही?"

"अहो, खरोखरचे टेकलेत! सीटचं नाक खाली कुणी केलं?"

"मीच. टोचत होतं म्हणून."

"झाली ना घसरगुंडी! सारखं पुढे घसरायचं आणि तळहातांवर स्वतःला थोपवायचं. त्यात सायकल तुमच्या दादाची, त्यांचे हात ताडाएवढे."

वहिनीनं सीट सपाट केली, हँडल वर आणि जवळ घेतलं. "कोपरं सैल सोडा. हँडलवर बोटं नाचवता आली पाहिजेत. आणि उद्या डॉक्टरला हात दाखवायचा. मला सायकल कळते, नस नाही."

"हात दाखवून अवलक्षण..."

"अवलक्षण होतं ते सीटला!"

डॉक्टर म्हणाले, नस दबली आहे, वडिलांचं दुखणं नव्हे. तरी रोज सायकलवरून उतरल्यावर ती आधी करंगळीला चिमटा काढून बघे. एका सकाळी करंगळीला मुंग्या आल्या आणि तिला वाटलं, दुखणं वाढलं. मग कळलं, बोट जागं होतंय. वॉर्डात समोरच्या बाळानं नेमकी तीच करंगळी मुठीत धरली, आणि तिला ती मूठ कळली.

बाबांनो, तिच्या वडिलांची आठवण असू द्या. बघणारी माणसं घरात होती, पण वडिलांनी दाखवायला हात कधी पुढे केलाच नाही.