चिकटवलेला सूर

दादा व्हायोलिन वाजवायचा आणि धाकटा भाऊ ते घरच्याच मागच्या खोलीत रेकॉर्ड करायचा. दादाचा एकच हट्ट होता, की स्पूलच्या टेपवर एका दमात वाजवायचं. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. धाकट्याने मात्र गुपचूप कॉम्प्युटरवरही सगळं उतरवून घेतलं होतं. एका दुपारी त्याने मोठ्या हौसेने ते दादाला ऐकवलं.

दादाचा चेहरा पडला. "हा सूर इथला नाही."

"तुझाच आहे रे. तिसऱ्या खेपेचा इथे चिकटवला. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय! चुकलो असेन, तर चुकलेला राहू दे."

"वर्षभर चुकतोयस, दादा. हात पूर्वीसारखा राहिला नाही तुझा, हे कधी मान्य करणार?"

दादाने कॉम्प्युटर उचलून भिंतीवर आपटला आणि धाकट्याची मानगूट धरून त्याचं तोंड टेबलावर आदळलं. दात तुटून रक्ताची धार लागली. धाकट्याच्या हाताला माइकचा लोखंडी स्टँड लागला, तो त्याने जीव खाऊन फिरवला. दादाने डावा हात आडवा घातला आणि मनगटाचं हाड कडकन मोडलं.

वहिनी धावत आली, तेव्हा धाकट्याने स्टँड दुसऱ्यांदा उगारला होता. तिने किंचाळत त्याला मागे ओढलं.

"कसं झालं हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"टेपचं यंत्र उचलताना अंगावर पडलं," दादा म्हणाला.

मनगट वाकडंच जुळलं. व्हायोलिन कायमचं सुटलं. दादा त्यानंतर धाकट्याला एका शब्दानेही बोलला नाही, आणि नेमकं तेच धाकट्याला सोसवेना.