बोलावल्याशिवाय

एव्हर्ट काल्सबेक नौदलात कप्तान होता. आता हेगमध्ये, डच संसदेतल्या एका पक्षाचा नेता. नेता हाच ठेवायचा की बदलायचा, यावर दुपारी पक्षाच्या खासदारांचं मतदान होतं. काल्सबेकला ही खुर्ची हवी होती. उगाच आडपडदा कशाला, जिवापाड हवी होती.

जेवायला तो खोलीतच बसे, पाव आणि चीज घेऊन, एकटा. खाली कँटीनमध्ये त्याच्याच पक्षाचे लोक लांब टेबलाभोवती खिदळत जेवत. हा बाबा तिकडं कधी फिरकला नाही. "भारीच शिष्ट आहे बुवा," असं सगळे म्हणत, आणि ते त्याच्या कानावरही येई.

मतदानाच्या दिवशी आउक्ये नाउता दार न वाजवताच आत आली. पक्षातली सगळ्यांत जुनी खासदार, जिभेला हाड नसलेली.

"काय रे, आमच्यासोबत दोन घास खायला लाज वाटते तुला?"

"तुम्ही कधी बोलावलंच नाही."

"बोलवायचं? कँटीनमध्ये? तिथं काय कुणाचं लग्न आहे?"

"जहाजावर कप्तान एकटा जेवतो, आउक्ये. अधिकाऱ्यांनी बोलावलं तरच त्यांच्या जेवणघरात जायचं. त्यांना कप्तानाच्या माघारी त्याला मनसोक्त शिव्या घालता याव्यात म्हणून."

आउक्येनं कपाळावर हात मारला. "अरे देवा! म्हणजे इतके दिवस तू आमंत्रणाची वाट बघत बसलास? आणि आम्ही म्हणतोय, माजलाय! ऊठ आधी. मी बोलावतेय."

तो खाली गेला. मग कुणी खुर्ची ओढून दिली, कुणी सूप वाढलं, कुणी त्याच्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी केली. त्याच्या जागेवर डोळा असलेल्या योरिसनं तर स्वतः उठून त्याला ताक आणून दिलं. एरवी मासेमारीवरून त्याच्याशी हमरीतुमरीवर येणारे आज कसे गोड बोलत होते.

"बघ, उगाच बिचकत होतास," आउक्ये खूश होऊन म्हणाली.

काल्सबेक सूप ढवळत राहिला. अधिकारी कप्तानाचे इतके लाड एकदाच करत, तो जहाज सोडून जायचा त्या दिवशी. मतं गेली, हे त्याला मतदानाआधीच कळलं. फार वाईट वाटलं.

"सूप छान झालंय," तो म्हणाला, आणि आणखी थोडं मागून घेतलं.